आडावरच्या मोटारीची तहकीकात

पहिल्याच भेटीत अप्पांनी मला खोटं पाडलं.

मुलीला अकरावीपासून लातूरच्या शिकवणीला घालायचं ठरलं, तेव्हा तिच्यासोबत राहायला मी देगलूरहून आले. नवरा तिकडे शाळेत मास्तर, सासूबाई थकलेल्या; ते दोघं मागे राहिले. त्या काळात बऱ्याच घरांची अशीच फाळणी झालेली असायची. बाप गावी, आई लातुरात, आणि मधल्या एस.टी.त ज्वारीची पिशवी नाहीतर लोणच्याची बरणी. खोली शोधत मी एका गल्लीत शिरले, तर एका फाटकावर ‘खोली आहे’ असा पुठ्ठा लटकत होता आणि फाटकाच्या आत, हात मागे बांधून, एक उंच वाळका म्हातारा उभा होता. खाकी पँट, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे.

“कुठून?”

“देगलूरहून.”

“थेट?”

“हो, आत्ताच उतरले स्टँडवर.”

“ह्या टायमाला देगलूरची गाडीच न्हाई लातुरात.”

मी गडबडले. उदगीरला गाडी बदलली होती, ते सांगितलं.

“मग थेट कामून म्हनलात?”

मला परत फिरावंसं वाटलं. तेवढ्यात मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “अय्यो, बाईला आत तर येऊ द्या. उन्हात उभं करून तिकीट मागायलेत!”

ते खरंच तिकीट मागणारे होते. एस.टी.त तिकीट तपासनीस म्हणून त्यांची सारी नोकरी गेली होती. मधल्याच कुठल्यातरी फाट्यावर हात करून गाडी थांबवायची, मागच्या दारानं चढायचं आणि गाडीतल्या प्रत्येक माणसाकडे तो चोर असल्यासारखं बघायचं, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्त झाल्यावर डोळ्यांना दुसरं काही बघता येईना. गल्ली त्यांना चेकरअप्पा म्हणायची. आम्ही नुसतं अप्पा म्हणायचो. त्यांच्या बायकोला अक्का. अक्का सीमेपलीकडच्या, बोलता बोलता कानडीत शिरणाऱ्या, आणि नवऱ्याच्या संशयाला तोंडावर हसणाऱ्या.

“मानूस खोटं बोलत न्हाई,” अप्पा सांगायचे. “मानूस अर्धं बोलतो. उरलेलं अर्धं आपन काढायचं.” ज्याच्याकडे तिकीट नसतं तो झोपेचं सोंग घेत नाही म्हणे, तसं करतात ते कच्चे लोक. मुरलेला माणूस खिडकीबाहेर बघतो, जन्मात पहिल्यांदा ऊस बघत असल्यासारखा. बाहेर बघणाऱ्याला आधी धरायचं.

मला त्यांची गंमत वाटायला पुष्कळ दिवस लागले. सुरुवातीला रागच यायचा. गॅसचा माणूस आला की अप्पा ताणकाटा घेऊन हजर. माझं सिलिंडर, पण वजन त्यांनी करायचं. दूधवाल्यानं माप ओतलं की बोट बुडवून चाखायचं आणि त्याच्याकडे बघत राहायचं, बराच वेळ, काही न बोलता. चौकात एका शिकवणीचा मोठा फलक लागला होता, पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंचा. पुढच्या चौकात दुसऱ्या शिकवणीचा. दोन्हींवर एकच मुलगी हसत होती. सगळ्या लातूरला ते दिसत होतं, पण त्याबद्दल विचारायला दोन्ही शिकवण्यांच्या कचेरीत जाऊन आले ते एकटे अप्पा. “एक म्हन्तो आमची, दुसरा म्हन्तो आमची. पोरीलाच विचारा म्हनलं तर दोघंबी खिडकीभाईर बघाया लागले,” असं घरी येऊन समाधानानं सांगत होते.

घराला दोन पक्क्या खोल्या, वर स्लॅब. त्या दोन्ही त्यांनी भाड्यानं दिलेल्या. एक मला आणि दुसरी उमरीच्या एका बाईला, तीही माझ्यासारखीच मुलासाठी येऊन राहिलेली. तिला सगळे वहिनी म्हणायचे. स्वतः अप्पा आणि अक्का मात्र अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे. भूकंपानंतर बऱ्याच लोकांनी असे पत्रे टाकले होते आणि वर्ष-दोन वर्षांत भीती ओसरल्यावर परत घरात झोपायला लागले होते. अप्पा परतले नाहीत. भूकंपाला सात-आठ वर्षं झाली असतील, तरी स्लॅबखाली त्यांनी पाय ठेवलेला मी पाहिला नव्हता. भाड्याचं असो की भांडणाचं, आमच्याशी सगळं बोलणं उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून.

शेडमध्ये एका कोपऱ्यात पितळेचे तांबे एकावर एक उलटे रचलेले असत. जमीन हलली तर ते पडतील आणि जाग येईल. एका दुपारी मांजरानं ते पाडले. अप्पांनी ओरडून ओरडून आम्हा सगळ्यांना अंगणात काढलं. वहिनीच्या हातात कणकेचा गोळा, माझ्या मुलीच्या डोक्याला अर्धंच तेल. मांजर शेडच्या दारात बसून पंजा चाटत होतं. अक्का पोट धरून हसल्या. अप्पा हसले नाहीत. “ह्या वेळी मांजर हुतं,” एवढंच म्हणाले.

आणि तिकिटं. भूकंपात आमच्या खोल्यांच्या भिंतींना बारीक भेगा गेल्या होत्या. गिलावा करून त्या बुजवता आल्या असत्या, पण अप्पांनी त्या उघड्याच ठेवल्या होत्या आणि प्रत्येक भेगेवर आडवं एकेक जुनं एस.टी.चं तिकीट अक्कांकडून खळीनं चिकटवून घेतलं होतं. भेग रुंदावली तर कागद फाटेल आणि कळेल, असा हिशोब. अंगणात खुर्ची टाकून खिडकीतून ते रोज तिकिटांवर नजर टाकत. मुलीच्या मैत्रिणी आल्या की विचारायच्या, हे काय आहे? ती म्हणायची, आमच्या घराचं चेकिंग.

आता वाटतं, त्या घरात संशयी काही एकटे अप्पा नव्हते. मी आणि वहिनी एकमेकींच्या डब्यातलं खायचो, आजारपणात एकमेकींची पोरं सांभाळायचो, पण तिच्या मुलाला कुठल्यातरी सरांनी सरावाच्या प्रश्नांचा गठ्ठा दिला की तो लगेच गादीखाली जायचा. मी खोलीत गेले की ती त्या गादीवर बसायची. मीही काही वेगळी नव्हते. बारावी जवळ आली तसं आमचं बोलणं गोड होत गेलं आणि खरं बोलणं कमी.

अशात, परीक्षा तोंडावर असताना, मोटारीनं पाणी सोडलं.

अंगणात आड होता, जुना, दगडी बांधणीचा. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, तेही आलं तर. सगळं घर त्या आडावर. काठाच्या ओट्यावर मोटार बसवलेली, तिच्यापासून एक लोखंडी पाइप खाली सोडलेला, त्याचा पाण्यातला शेवटचा तुकडा रबरी. पाइपाच्या तळाला फुटवॉल, म्हणजे पाण्याला वर येऊ देणारी आणि खाली जाऊ न देणारी झडप. ही झडप नीट धरत असेल तर पाइप मोटार बंद असतानाही भरलेला राहतो. सकाळी बटन दाबलं की पाणी वर. पण कुठूनही हवा शिरली की पाइपातलं पाणी खाली उतरतं, आणि मग मोटार नुसतीच घरघर करत फिरते. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवसांत कळलं.

सकाळी मोटार कोरडी फिरली. टोपण उघडून वरून पाणी ओतलं, बादलीमागून बादली, मग कुठे तिनं ओढ घेतली. टाकी भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अप्पांनी तिसऱ्या सकाळी तहकीकात सुरू केली आणि आधी आम्हाला धरलं.

“देगलूरच्या बाई, काल सांच्याला शेवटचा नळ कुनी बंद केला?”

“मी केला.”

“पुरा?”

“अप्पा, नळ बंद करायला मला येत नाही का?”

“येतो. पन केला का?”

त्या संध्याकाळी त्यांनी आमच्या दोघींच्या दाराबाहेरच्या नळांना सुतळी बांधून गाठ मारली. सकाळी गाठी शाबूत होत्या आणि मोटार कोरडी. “सुटल्या,” अप्पा म्हणाले. आम्ही निर्दोष सुटलो होतो. वहिनीनं दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. मी मनात म्हटलं, माझं सोडा, पण ही पहाटे उठून गुपचूप पाणी भरत असेल काय? तेवढं मात्र मनात येऊन गेलं.

मग शेजारी. पलीकडच्या जागेवर एक माणूस मुलांचं वसतिगृह बांधत होता, चार मजली, आणि त्यानं बोअर मारली होती. अप्पांची जागाही त्याला हवी होती. दोन-तीनदा येऊन, चहा पिऊन, आड बुजवून टाकला तर केवढी जागा निघेल ते हातवारे करून दाखवून गेला होता. बोअरनं आपल्या आडाचं पाणी ओढलं असणार, असं मीही म्हटलं. अप्पांनी दोरीला दगड बांधून आडात सोडला, दोरीवर ओलीची खूण बघितली, जुन्या खुणेशी लावली. पाणी होतं तेवढंच होतं. “बोअर सुटली,” ते म्हणाले, जरा नाराजीनंच.

मेस्त्रीला बोलावलं. त्यानं मोटार बघितली आणि आल्या आल्या सांगितलं की फुटवॉल बदलू, ग्लँडची दोरी बदलू, सगळे जॉइंट नव्यानं आवळू, पाणी येऊन जाईल.

“एकेक करा,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, एकदमच होऊन जाईल की.”

“तिघांना एकदम बदललं तर चोर कोन हुता ते कसं कळंल? तुम्हाला न्हाई कळलं तर चालंल. मला कळाया पायजे.”

मेस्त्री म्हणाला, मला दुसरी कामं आहेत. अप्पा म्हणाले, मागच्या उन्हाळ्यात तूच एक जॉइंट ढिला ठेवला होतास, परत बोलवावं म्हणून. मेस्त्रीनं पिशवी उचलली आणि गेला. अक्का मागून ओरडल्या, “आता पाइप ओढायला मी आडात उतरू काय?”

त्यामुळे आम्हीच मेस्त्री झालो. अप्पा, मी आणि वहिनी. आधी मोटारीचा ग्लँड, जिथून आस बाहेर येतो ती जागा. तिथं हात लावला तर ओलं लागत होतं. जुनी कुजकी दोरी टोकरून काढली, नवी तेलकट दोरी गुंडाळून बसवली. सकाळी मोटार कोरडी. “सुटला.” मग वरचे जॉइंट. सगळ्यांना साबणाचं पाणी फासलं, चिंध्या गुंडाळल्या, पाइप भरून ठेवला आणि चिंधी भिजते का पाहिलं. एकही भिजली नाही. मग तळाचा रबरी तुकडा दोरानं वर ओढून फुटवॉल. त्याच्या जाळीत शेवाळाचा गोळा होता आणि झडपेखाली एक बारीक खडा. मला वाटलं, सापडला. वहिनीनं टाळी वाजवली. अप्पा मात्र खड्याकडे बघत राहिले. “खडा हाय. पन ह्याच्यानं एवढं पानी उतरत न्हाई.” तरी नवा फुटवॉल बसवला. दुसऱ्या दिवशी मोटार कोरडी.

खरं सांगायचं तर मला तोवर त्यात गोडी लागली होती. रोज एका कुणावर आळ घ्यायचा, त्याला कसोशीनं तपासायचं आणि माफी न मागता सोडून द्यायचं. अप्पा या कामात असे रमले होते की त्यांचा चेहरा मऊ दिसायचा. वहिनीला मी एकदा हळूच म्हटलंसुद्धा, म्हातारा खूश आहे.

उरला मधला पाइप, जो आडाच्या भिंतीला कड्यानं धरलेला होता आणि वरून दिसत नव्हता. लोखंडी पाइप ओढताना तिथंच अडकत होता, म्हणून तो भाग आम्ही तसाच ठेवला होता. आडात उतरायला भिंतीतून दगड पुढे काढलेले होते. अप्पांनी पँट दुमडली, कमरेला दोर बांधला, दुसरं टोक अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्याला वेढा देऊन आम्हा तिघींच्या हातात दिलं आणि बॅटरी खिशात घालून उतरले. अक्का कानडीत काहीतरी पुटपुटत होत्या. खालून आवाज आला, “सापडलं. कड्यापाशी चीर हाय पाइपाला.” आम्ही हसलो. मग बराच वेळ काहीच आवाज नाही.

“अप्पा?” मी वाकून विचारलं.

ते वर आले तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता. दोर सोडायचंही भान नाही. ओट्यावर बसले आणि म्हणाले, “दोन्ही खोल्या रिकाम्या करा. उद्याच.”

हळूहळू त्यांनी सांगितलं. पाइप उगीच चिरला नव्हता. ज्या दगडात कडं बसवलं होतं तो दगड पुढे सरकला होता आणि त्यानं पाइपाला वाकवलं होतं. तोच नाही, त्याच्या आजूबाजूचेही. आडाच्या भिंतीला त्या बाजूनं पोट आलं होतं. आणि त्या बाजूला, वर, हातभर अंतरावर, वहिनीच्या खोलीचा कोपरा होता.

परीक्षेला जेमतेम आठवडा राहिला होता. वहिनी म्हणाली, “कुणाला विकली जागा?”

“कुनाला न्हाई.”

“शेजारच्याला ना? आड बुजवायचाय त्याला. आम्हाला सरळ सांगायचं होतं, अप्पा. पोराची परीक्षा झाल्यावर गेलो असतो.”

“वहिनी, भिंत सरकली हाय.”

“खोटं बोलताय तुम्ही.”

अप्पांना कुणी असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते उठून तिच्या खिडकीपाशी गेले आणि कोपऱ्यातल्या भेगेवरचं तिकीट दाखवलं. तिकीट मधोमध फाटलं होतं. मोटारीच्या नादात त्या आठवड्यात ते त्यांनीही पाहिलं नव्हतं.

“हे तुम्हीच खिडकीतून काठीनं फाडलं असेल,” वहिनी म्हणाली.

अप्पा त्या तिकिटाकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “बराबर हाय. तुमच्या जागी मी असतो तर मीबी हेच म्हनलो असतो.” आणि बॅटरी माझ्या हातात दिली. “माझ्यावर इस्वास ठेवू नका, देगलूरच्या बाई. तुम्ही सोता बघा.”

मी काठावर पालथी पडून बघितलं. काळे, ओले दगड. त्यात कुठला पुढे आणि कुठला मागे, मला काही कळलं नाही. आणि मी ते कबूलही केलं नाही; “हं, आहे जरा,” असं काहीतरी गुळमुळीत बोलून उठले. मलाही शेजारच्या माणसाचे ते हातवारे आठवत होते. दुपारभर आम्ही दोघी गल्लोगल्ली खोली शोधत फिरलो. परीक्षेच्या तोंडावर लातुरात रिकामी खोली कुठली? पत्र्याच्या शेडमध्ये राहा, असं अप्पा म्हणत होते. आम्ही झोपू लिंबाखाली. वहिनी म्हणाली, एकदा सामान बाहेर काढलं की संपलं, मग कुलूप लावून मोकळे होतील.

संध्याकाळी अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दिवशी हसत नव्हत्या. त्यांनी सांगितलं ते मला कधी माहीत नव्हतं. अप्पांना एक धाकटी बहीण होती, भूकंपात गेलेल्या गावांपैकी एका गावात दिलेली. त्या भागात आधीपासूनच जमीन अधूनमधून गुरगुरायची, भांडी वाजायची. बहीण घाबरून पोरांना घेऊन भावाकडे लातूरला आली. घराला आतनं चीर गेलीय म्हणाली. अप्पांनी तिला समजावलं, लोक खामखा उठवतात, काही होत नसतं. सणासाठी घरी जा. स्वतः गाडीत बसवून दिलं.

“सगळ्या जगावर शक घेतला,” अक्का म्हणाल्या. “त्या एका टायमाला घेतला न्हाई. तिचं घर जाऊन बघून आले असते, तर...” पुढचं त्या कानडीत बोलल्या. मी विचारलं नाही.

हे मी वहिनीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे तुला अक्कांनी आजच का सांगितलं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं शिकवणीला गेलेली. वहिनी तिच्या खोलीत भाकरी थापत होती, मी दारात उभी. अप्पा अंगणातून आले. नेहमीसारखे उंबऱ्याबाहेर थांबले. मग चपला काढल्या आणि आत आले.

मी बाजूला झाले. त्या घरात राहून मला दीड वर्ष उलटून गेलं होतं आणि ते पहिल्यांदाच स्लॅबखाली येत होते. ते सरळ त्या कोपऱ्यात गेले, जिथं वहिनीच्या मुलाची खाट होती, आणि खाटेवर बसले.

“हे काय, अप्पा?”

“तुम्ही निघत न्हाई. तुम्हाला धरून काढनं मला जमत न्हाई. मग मी तरी पत्र्याखाली जाऊन कसा बसू? बसतो हितंच.”

“बसा की,” वहिनी तोऱ्यात म्हणाली आणि तव्याकडे वळली.

अप्पा बसले. थोड्या वेळानं मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी खाटेची कड घट्ट धरली होती. सदरा पाठीला चिकटला, कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत उतरली. डोळे छताला लागलेले. ओठ हलत होते, शिवाचं नाव असेल किंवा दुसरं काही. बाहेर शेजारच्या बांधकामावर कुणीतरी सळया टाकल्या. तो आवाज झाला तसे अप्पा इतके दचकले की त्यांच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला. पण ते उठले नाहीत.

वहिनीनं मागे वळून पाहिलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. ती पाहत राहिली. मग स्टोव्ह बंद केला, हात पदराला पुसले आणि फळीवरची मुलाची पुस्तकं काढायला लागली. गादी उचलली. खालचा तो प्रश्नांचा गठ्ठा माझ्यासमोरच उचलला आणि माझ्या हातात दिला. “हे आधी बाहेर ने,” म्हणाली.

संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. मोटार बंदच ठेवली, तिच्या थरथरीनं दगड हलतील म्हणून. पलीकडच्या बाजूनं दोरानं पाणी शेंदायचं, तेही अप्पा स्वतः. दोन्ही पोरांनी बारावीची परीक्षा पत्र्याखालून दिली, एकाच गठ्ठ्यावर, शेजारी शेजारी बसून. दुपारी पत्रा तापायचा तेव्हा अक्का वर भिजवलेली पोती टाकायच्या. म्हातारा-म्हातारी लिंबाखाली.

आणि काहीच पडलं नाही. पेपर संपले, पोरं मोकळी झाली, आड तसाच. निघायच्या दिवशी वहिनी माझ्या कानात म्हणाली, “बघ, काही झालं का? आपण उगीच घाबरलो.” मी हसले. मलाही तसंच वाटत होतं.

जूनमध्ये नवी पोरं आली. लातुरात खोल्यांना मागाल ते भाडं मिळत होतं. अप्पांनी खोल्या दिल्या नाहीत. गल्ली हसली म्हणे, शेजारचा पुन्हा चहाला येऊन गेला. पावसाळ्याच्या मध्यावर एके दिवशी बूथवरून अक्कांचा फोन आला. दोन दिवस पावसाची झड लागली होती. सकाळी, त्या चूल पेटवत असताना, आडाची ती बाजू खाली बसली. मोटारीचा ओटा गेला, खोलीचा कोपरा गेला, स्लॅबचं टोक खाली लोंबत होतं. “आवाजसुदिक मोठा झाला न्हाई,” त्या म्हणाल्या. “खाटेची जागा तेवढी गेली.”

अप्पा काय म्हणाले, मी विचारलं.

“काय म्हनतील? म्हन्ले, दुसऱ्या बाजूचंबी बघाया पायजे.”

मी उमरीला फोन केला. वहिनीनं ऐकून एवढंच विचारलं, “खाटेची?” आणि फोन ठेवला.

पुढच्याच आठवड्यात ती लातूरला जाऊन आली. एकटी. मला नंतर सांगितलं. फाटकापाशी अप्पा उभेच होते. “कशाला आलात?” म्हणाले. ती म्हणाली, सहज, भेटायला. “काय राहिलं का हितं सामान?” नाही. “पोराच्या दाखल्याचं काही काम?” नाही. “मग?” अक्कांनी तिला हाताला धरून आत नेलं, चहा केला. अप्पा समोर बसून होते आणि ती काय मागणार याची वाट बघत होते. तिला बोलायचं होतं. ‘खोटं बोलताय’ असं ती त्यांना म्हणाली होती, त्याबद्दल. येताना गाडीत वाक्यसुद्धा जुळवलं होतं तिनं. पण त्यांनी असं रोखून बघितल्यावर तिला एक शब्द सुचेना. चहा झाला, पोराचं झालं, पावसाचं झालं, परतीच्या गाडीची वेळ झाली.

अप्पा स्टँडपर्यंत सोबत आले. ती गाडीत खिडकीशी बसली. ते खाली उभे. कंडक्टरनं घंटी दिली तसे ते खिडकीजवळ आले आणि दांडीला धरून म्हणाले, “वहिनी, खरं सांगा. नुसत्या भेटायलाच आल्त्या व्हय?”

“हो, अप्पा. नुसतं भेटायला.”

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. गाडी हलली. तिच्याबरोबर दोन पावलं चालत ते म्हणाले, “मग दिवसभर थांबायचं हुतं की.”